तानबाचे बुडबुडे

अल्लीपूरपासून हिंगणघाटपर्यंतच्या पट्ट्यात तानबा पचारे पाण्याच्या काठावर उभा दिसला, की लोक हातातली कामं टाकून धावत आणि एकच विचारत, "कोनाले काढून राह्यला?" यात लोकांची काही चूक नव्हती. वीस वर्षं हा माणूस ज्या ज्या विहिरीवर, नाल्यावर, तलावावर गेला, तिथून कुणाला तरी वर घेऊनच आला, आणि वर आलेलं माणूस पुन्हा कधी बोललं नाही. मधल्या काळात त्यानं शेकड्यानं बादल्या काढल्या, घागरी काढल्या, पाण्याच्या मोटारींचे फुटवाल काढले, एका नवरीच्या पायातलं जोडवंही काढून दिलं. पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते मढं.

मी हे सांगतोय ते मॅनेजर म्हणून. त्याआधी बावीस वर्षं मी कापसाच्या जिनिंगात सुपरवायझर होतो, त्यामुळे माणूस समोर आला की त्यात खोट कुठे आहे ते मी आधी बघतो. ही सवय चांगली नाही हे मला घरात रोज सांगितलं जाई. शिवाय मला पाण्याची भीती. अशा माणसाला भैय्याजींनी पाण्याच्या रिसॉर्टवर मॅनेजर नेमलं, यावरून भैय्याजींची ओळख पटावी.

भैय्याजी हिंगणघाटचे कापड व्यापारी. २००६ च्या दिवाळीत घरच्यांना घेऊन अंदमानला गेले आणि पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरून आले. परत आल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. जाम गावच्या चौकापासून थोडं आत त्यांची गिट्टीची जुनी खदान होती. काम बंद पडून दहा-बारा वर्षं झालेली, झऱ्यांनी भरलेली, पाणी काचेसारखं. कडेनं टप्पे, मध्ये चाळीस फूट खोल. भैय्याजी म्हणाले, समुद्र नाही तर नाही, पाणी तर आहे. बांधल्या चार खोल्या, घेतला कॉम्प्रेसर, आणल्या टाक्या. खाली पाहुण्यांना बघायला काही हवं म्हणून एक जुनी स्कूटर बुडवली आणि गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून सिमेंटचा ऑक्टोपस करवून घेतला. मूर्तिकारानं ऑक्टोपस कधी पाहिलेला नव्हता. त्यानं आठ पायांचा, सोंडेचा, मोठ्या प्रेमळ डोळ्यांचा काहीतरी प्राणी करून दिला. नागपूरची मुलं त्याच्यावर खूष असत.

शिकवायला मालवणहून मयेकर आला. सत्तावीस वर्षांचा, शांत, कामाला चोख. त्याच्यात मला खोट सापडली नाही, तिखट सोसत नाही एवढी सोडून. त्याला हाताखाली एक स्थानिक गाईड हवा होता. आम्ही पाटी लावली, आणि चौथ्या दिवशी बेचाळीस वर्षांचा तानबा सायकलवर दारात आला.

मी त्याला ओळखत होतो. आमच्या जिनिंगाच्या हौदातून त्यानं एकदा एका हमालाला काढलं होतं. तेव्हापासून तो दिसला की मी रस्ता बदलत असे. मी त्याला बसही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, ही नोकरी काऊन पाहिजे?

"साहेब," तो म्हणाला, "बहुत झाले मेलेले. आता जिती मानसं नेतो म्हनतो पान्यात."

मी जिनिंगात हजार माणसं कामाला लावली असतील. असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली. त्याच संध्याकाळी त्याची बायको शकुबाई बोचकं घेऊन आली आणि रिसॉर्टच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार लागला. शकुबाई स्वयंपाकघरात लागली, आणि बायका पाहुण्या आल्या की त्यांना ते काळे रबरी कपडे घालून देणं हेही तिच्याकडेच आलं. तिच्याकडूनच मला कळलं, की मढं काढून आला की हा माणूस दोन दिवस जेवत नसे, फक्त हात धूत बसे.

तानबाला पिवळी टी-शर्ट मिळाली, पाठीवर 'ट्रेनी' लिहिलेली. पास झाला की निळी मिळायची, 'गाईड' लिहिलेली.

मयेकर पहिल्या दिवशी त्याच्यावर फिदा झाला. तानबा विनाटाकीचा खाली गेला तो चार मिनिटांनी वर आला, हातात स्कूटरचा आरसा. मयेकरनं घड्याळ पाहिलं, आरसा पाहिला आणि मग कपाळावर हात मारला. मला म्हणाला, हा माणूस या जिल्ह्यातला सगळ्यात चांगला पाणबुड्या आहे, आणि म्हणूनच याला शिकवणं सगळ्यात अवघड जाणार.

कारण त्या विद्येचा पहिला नियमच उलटा. टाकी लावून खाली गेलं की श्वास रोखायचा नाही, एक क्षणही नाही. विशेषतः वर येताना. खाली छातीत भरलेली हवा वर येता येता फुगते, कोंडून ठेवली तर फुप्फुस फाटतं. म्हणून श्वास घेत, सोडत, बुडबुडे काढत काढत यायचं. तानबाला सहा वर्षांचा असताना बापानं विहिरीत ढकललं होतं ते तोंड मिटून ठेवायला शिकवण्यासाठी. पाण्यात उतरलं की त्याचं तोंड आपोआप बंद होई, तोंडात नळी असली तरी. बाकी पाच परीक्षा तो पहिल्याच महिन्यात पास झाला. सहावी राहिली: पाहुण्याला घेऊन वर येणं, बुडबुडे न थांबवता.

मयेकरलाच पाहुणा करून दोनदा परीक्षा झाली, दोनदा तानबा नापास. मी काठावर शिट्टी घेऊन बसत असे. मयेकरच्या शेजारी तानबाच्या बुडबुड्यांची रांग वर येई, पुढे सरके, आणि मध्येच बंद पडे. तिथलं पाणी गुळगुळीत होई. मयेकर खालून त्याला चिमटे काढी, तेव्हा चार बुडबुडे येत आणि पुन्हा सामसूम. वर आल्यावर तानबा मान खाली घालून उभा. मी चिडून म्हटलं, अरे, श्वास तर लहान लेकरूही घेतं. तो म्हणाला, हो साहेब.

उपाय शकुबाईनं केला. चुलीजवळ पाण्याची बादली ठेवली, नवऱ्याच्या हातात फुकनी दिली आणि म्हणाली, मी पोळ्या करतो तोवर बादलीत फुंकत राहा. ती पोळ्या लाटे, हा बादलीत बुडबुडे काढी, आणि बुडबुडे थांबले की तिचं लाटणं बादलीवर टण्कन वाजे. मयेकर हे बघून इतका हसला की त्या दिवशी त्याला तिखटही सोसलं. महिनाभरात बादलीत तानबा पक्का झाला. चाळीस फूट पाण्याचं मात्र सांगता येत नव्हतं.

तिसरी परीक्षा २००८ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. मयेकरनं सांगून टाकलं होतं की ही शेवटची. जमलं नाही तर तो मालवणहून आपला माणूस आणणार.

त्या दिवशी तानबा उजाडताच कामाला लागला. कॉम्प्रेसर सुरू करून सहा टाक्या भरल्या. नळ्या डेटॉलच्या पाण्यातून काढून उन्हात टांगल्या. चष्म्यांच्या काचा आतून राखेनं नव्हे तर साबणानं घासल्या, कारण राखेवरून मयेकर एकदा रागावला होता. मग खुणा स्वतःशीच म्हणून पाहिल्या: बोटांचं गोल म्हणजे ठीक, तळहात हलवला म्हणजे गडबड, अंगठा दाखवला म्हणजे वर चला. नागपूरहून एक बस यायची होती, पस्तीस पाहुणे. मयेकरनं त्यातलाच एखादा धीट पाहुणा परीक्षेसाठी निवडायचं ठरवलं होतं. साडेनऊला बस आली, मंडळी नाश्त्याला बसली, आणि तानबा खांद्यावर दोर घेऊन काठाकडे निघाला. पाण्यात खुणेचा दोर सोडायचा एवढंच काम होतं.

नेमकी तेव्हाच अल्लीपूरकडची एक जीप बाहेरच्या रस्त्यानं चालली होती. जीपमधल्या कुणीतरी पाहिलं: तानबा, दोर, पाणी. जीप जामच्या चौकात जाऊन थांबली आणि त्यानं सांगितलं, भैय्याजींच्या खदानीत माणूस गेला, तानबाले बलावलं आहे.

अर्ध्या तासात आमच्या फाटकावर साठ माणसं. चहावाले आले, ट्रकवाले आले, संत्रेवाल्या आल्या. पोलीस पाटील वही घेऊन आले. रूपराव म्हणून एक किराणा दुकानदार आहे, माणूस कळवळ्याचा, तो तर पांढरं कापड आणि अगरबत्तीचा पुडा घेऊनच आला. मी फाटकात उभा राहून सांगतोय की कुणी गेलेलं नाही, आणि लोक माझ्याकडे दयेनं बघतायत. मॅनेजर लपवून राह्यला, असं एक जण माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला. मी लय संतापलो. पण पांढऱ्या कापडासमोर संतापून तरी काय होतं?

नागपूरच्या मंडळींनी ते कापड पाहिलं. मग कुणीतरी त्यांना तानबा कोण ते समजावून सांगितलं. पस्तीस माणसं अर्धा नाश्ता टाकून, फाटकातल्या गर्दीमुळे अडकलेल्या बसमध्ये जाऊन बसली, आणि त्यांच्यातल्या एका बाईनं मुलाचे हात साबणानं धुवून घेतले, कारण सकाळी त्या मुलानं तानबाशी हात मिळवला होता. तानबा दोन पावलांवर उभा होता. त्यानं ते पाहिलं. मलाही ते दिसलं, आणि मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचा. वर्षापूर्वी मीसुद्धा त्याला बस म्हटलं नव्हतं.

भैय्याजी वीस मिनिटांत हिंगणघाटहून पोचले. ते वाईट माणूस नाहीत. तानबाला त्यांनी एक शब्द सुनावला नाही, मला बाजूला घेतलं. याले इथं ठेवून धंदा होनार नाही, संध्याकाळी त्याले समजावून सांग, म्हणाले. मी म्हटलं, भैय्याजी, आज त्याची परीक्षा आहे, ती तरी होऊ द्या. ते म्हणाले, कोनाले घेऊन होईल परीक्षा? आहे कोनी त्याचा हात धराले तयार?

हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. फाटकाशी ते ऐकू गेलं. तिथून एक बाई पुढे आली.

यशोदाबाई जामच्या चौकात संत्र्यांची पाटी घेऊन बसत. पंचावन्नच्या आसपास, बारीक, करड्या आवाजाच्या. त्या मूळच्या अल्लीपूरच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा श्रावण विहिरीत मोटार बसवताना पाय घसरून पडला होता. त्याला वर काढलं होतं तानबानं. त्यानंतर यशोदाबाईंनी गाव सोडलं, आणि विहिरीजवळ म्हणून त्या पुन्हा गेल्या नाहीत. जामात त्या नळाचं पाणी भरत, नळ नसला तर शेजारणीला सांगत.

"मी येतो याच्यासंग," त्या म्हणाल्या.

मयेकर पुढे आला, त्यानं त्यांना समजावून सांगितलं की पोहता येत नसलं तरी चालतं, पण दम्याचा, हृदयाचा त्रास नको, आणि भीती वाटली तर तिथल्या तिथे सांगायचं. मी म्हटलं, बाई, कशाला हे? त्या माझ्याकडे न बघता तानबाला म्हणाल्या, "माह्या पोराले तू खालून आनलं. मले पाहाचं आहे, तो कुठं होता ते."

तानबानं वर पाहिलं नाही. नुसतं म्हणाला, "चाल माय."

शकुबाई त्यांना खोलीत घेऊन गेली. तो रबरी पोशाख चढवायला अर्धा तास लागला, आतून दोघींच्या बोलण्याचा आणि एकदा हसण्याचाही आवाज आला. यशोदाबाई बाहेर आल्या त्या काळ्या पोशाखात, आणि वरून डोक्यावर शकुबाईनं जुन्या लुगड्याचा फाडून दिलेला पदर. साठ माणसांपैकी एकही हसलं नाही. काठावर येईपर्यंत पदर राहिला, मग त्यांनी तो घडी करून माझ्या हातात दिला. मी तो धरून उभा राहिलो.

नियमाप्रमाणे गाईडनं पाहुण्याची टाकी मागून धरायची असते. यशोदाबाई म्हणाल्या, मला हात पाहिजे. तानबानं मयेकरकडे पाहिलं, मयेकरनं मान हलवली. कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी नळीतून श्वास घ्यायची सवय केली, चांगली पंधरा-वीस मिनिटं. मग तिघं खाली गेले: तानबा आणि यशोदाबाई हातात हात घेऊन, मयेकर मागून, जरा बाजूला.

मी शिट्टी तोंडात धरली आणि बुडबुडे बघू लागलो. तीन रांगा होत्या. बाजूची मयेकरची. पुढच्या दोन जवळजवळ, एक घाईची, एक संथ. संथ ती तानबाची असणार. खदानीच्या पूर्वेच्या भिंतीकडे त्या सरकत होत्या. लोक काठावर येऊन बसले होते. शकुबाई पिठाच्या हातानं माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

भिंतीजवळ पोचल्यावर दोनातली एक रांग बंद पडली.

पुन्हा तेच, म्हटलं. शकुबाई पुटपुटली, फुक ना, फुक. मी शिट्टी वाजवणार एवढ्यात दुसरी रांग जाड झाली. इतके मोठे, इतके भरभरून बुडबुडे मी त्या खदानीत कधी पाहिले नव्हते. पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. दहा-पंधरा क्षण ती एकटीच चालली. मग शेजारी पहिली रांग पुन्हा सुरू झाली. आधी दोन-चार, मग नीट.

काय झालं होतं ते मयेकरनं नंतर सांगितलं. भिंतीजवळ वर सूर्य आड होतो, पाणी काळं दिसतं. तिथं आल्यावर यशोदाबाई थांबल्या आणि त्यांनी श्वास रोखला. तोंड घट्ट मिटलं, डोळे फाटलेले. मयेकर पुढे येणार होता, पण तानबा त्यांच्या समोर आला. चष्म्याला चष्मा लागेल इतक्या जवळ. आणि तो श्वास घेऊन दाखवू लागला. छाती फुगवून घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा सोडायचा. शकुबाईच्या बादलीतला सगळा सराव तिथं कामी आला. बाईंनी त्याच्याकडे पाहून सोडला एकदाचा श्वास. मग तानबानं त्यांना भिंतीच्या सावलीतून बाहेर नेलं, उन्हाच्या पट्ट्यात. तिथं त्यानंच अल्लीपूरच्या तलावातून आणून सोडलेले रोहू मासे फिरत होते. दोघं तिथं बराच वेळ थांबले.

वर येताना दोन्ही रांगा शेवटपर्यंत चालू होत्या. एकही बुडबुडा चुकला नाही. मी मोजत होतो म्हणून सांगतो.

यशोदाबाईंनी काठावर चष्मा काढला. आधी खूप खोकल्या. मी पदर पुढे केला, तो त्यांनी डोक्यावर घेतला आणि काही वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

"उजेड रायते खाली," त्या म्हणाल्या. "मले वाटे, अंधारात होतं पोरगं."

मग त्या रडल्या. शकुबाईही रडली, पोलीस पाटलांनी वही मिटली, आणि खोटं कशाला बोलू, मीही तोंड फिरवलं. एवढ्यात फाटकाशी उशिरा पोचलेल्या कुणीतरी धापा टाकत विचारलंच, कोनाले काढून राह्यला तानबा? यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि करड्या आवाजात तिकडे सांगितलं, "मले. खाली नेलतं, फिरवून वापस आनलं."

मयेकरनं निळी टी-शर्ट आणून तानबाच्या खांद्यावर टाकली. भैय्याजी जवळच उभे होते. त्यांनी तिची घडी सारखी केली, ग्राहकाला कापड दाखवताना करतात तशी, आणि मला म्हणाले की संध्याकाळचं ते काही बोलायचं राहू दे.

तानबा टी-शर्ट न घालता तशीच हातात धरून दगडावर बसला होता. दुसऱ्या हाताचा तळवा वर करून त्याकडे बघत होता. मला वाटलं लागलं की काय. मी जवळ जाऊन विचारलं, आणि विचारता विचारता हेही विचारलं, की इतके दिवस जमलं नाही ते आज कसं जमलं.

"साहेब, माय घाबरली तं तिनं माहा हात दाबला," तो म्हणाला. "आजवर पान्यात इतक्याइचे हात धरले मी. दाबला कोनीच नव्हता."

मी त्याच्या शेजारी बसलो. बराच वेळ बसलो असतो, पण काठावर गलका सुरू झाला होता. बसमधली नागपूरची मंडळी खाली उतरत होती, त्यांच्यात तो साबणानं हात धुतलेला मुलगाही होता. पण त्यांच्या आधी नंबर लावून एक जण उभा होता, त्याला डावलून चालणार नव्हतं. मी शिट्टी वाजवली. तानबानं निळी टी-शर्ट अंगात घातली, उठला, आणि रूपराव पांढरं कापड शकुबाईजवळ सांभाळायला देऊन पाण्याकडे निघाला.